पकड कशी सोडवायची, पडलो तर कसं उठायचं: नाशिकमधल्या नवशिक्यांसाठी

रस्त्यावरची भांडणं एकदा नीट बघा, द्वारकेला गाडीला गाडी घासली म्हणून होणारी असोत नाहीतर वरातीत डीजेवरून होणारी. पिक्चरसारखे टपाटप ठोसे कोणीच मारत नाही. एक-दोन हात हवेत फिरतात, एखादा लागतो, आणि लगेच एकाच्या मुठीत दुसऱ्याची कॉलर असते. मग ओढाओढी, शर्टाची बटणं तुटतात, एकाची मुंडी दुसऱ्याच्या काखेत जाते, कोणाचा तरी पाय फुटपाथच्या कडेला अडकतो आणि दोघंही आडवे. म्हणजे अंगाला अंग भिडल्यावर काय करायचं हा प्रश्न येतोच येतो, आणि नेमकं तेवढंच बहुतेकांना कोणी शिकवलेलं नसतं. कराटेचे बेल्ट आपल्याकडे प्रत्येक कॉलनीत आहेत पण कॉलर धरली की बेल्टवाला पण मागेच ओढत बसतो.

त्यासाठी कुस्ती, ज्युदो, जिऊ-जित्सू या पकडीच्या विद्या. हा लेख ज्याने आयुष्यात कधी लंगोट लावला नाही, मॅटवर पाय ठेवला नाही अशा माणसासाठी आहे. मुलगी असो, चाळिशीतला बाबा असो नाहीतर अंबडला सेकंड शिफ्ट करून रात्री एकटा घरी येणारा पोरगा असो.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा

व्हॉट्सअॅपवर एक वाक्य कायम फिरत असतं की नव्वद टक्के भांडणं जमिनीवर जाऊन संपतात. त्या आकड्याच्या नादी लागू नका. भांडण जमिनीवर जातं कधीकधी, पण तुम्हाला ते न्यायचं नाहीये. पकडीच्या विद्येतून स्वसंरक्षणाला तीन कामं शिकायची: सहजासहजी न पडणं, धरलेलं सोडवून घेणं, आणि पडलोच तर लवकरात लवकर पायावर उभं राहणं. तिन्ही कशासाठी, तर पळता यावं म्हणून. समोरच्याला पाडून छातीवर बसणं, हात पिरगळणं, गळा आवळणं हे सगळं नंतरचं, आणि खरं सांगायचं तर बऱ्याच लोकांना ते कधीच लागत नाही.

पकडीची ताकद जगाला दिसली ती १२ नोव्हेंबर १९९३ ला, अमेरिकेत डेनव्हरला पहिली यूएफसी (वेगवेगळ्या विद्यांच्या लढवय्यांची पिंजऱ्यातली स्पर्धा) झाली तेव्हा. तिथे रॉइस ग्रेसी नावाच्या अंगाने बारीक ब्राझिलियन माणसाने एका रात्रीत तीन जणांना हरवलं, आणि तिघांनाही धरून, जमिनीवर नेऊन. त्याच्या घराण्याची विद्या, म्हणजे जिऊ-जित्सू, मुळात जपानी ज्युदोतून आलेली, जिगोरो कानोंनी १८८२ ला कोदोकान ही ज्युदोची शाळा काढली, तिथला मित्सुयो माएदा ब्राझीलला गेला आणि ग्रेसींनी त्याच्याकडून उचललं. त्या रात्रीनंतर सगळी दुनिया जमिनीवरची लढाई शिकायला लागली. पण हे पण बघा ना, तिथे समोर एकच माणूस होता, खाली मऊ मॅट होती, रेफरी होता, आणि कोणाच्या खिशात चाकू नव्हता. पंचवटीत रात्री अकराला यातलं एकही गॅरंटीने मिळत नाही.

कुठं शिकायचं

नाशिकमध्ये आपण नशीबवान आहोत, तालीम शोधायला फार लांब जावं लागत नाही. जुन्या नाशकात, पंचवटीत, भगूर-देवळालीकडे कुस्तीची माणसं आहेत. यशवंत व्यायामशाळेसारख्या जुन्या संस्था आहेत. २०२० ची महाराष्ट्र केसरीची गदा नाशिककडून खेळणाऱ्या हर्षवर्धन सदगीरनेच आणली होती. ज्युदोचे क्लास चालतात, आणि आता जिममध्ये एमएमए (ठोसे, लाथा, पकड सगळं एकत्र) आणि जिऊ-जित्सूच्या बॅचचे बोर्डही दिसायला लागलेत.

तिन्हीत फरक काय ते थोडक्यात. कुस्तीत उभ्याने भिडणं, बॅलन्स, दुसऱ्याचं वजन अंगावर घेण्याची सवय, हे सगळ्यात लवकर येतं आणि स्वस्तात येतं. ज्युदोत अंगावर जाड कपडा असतो आणि तोच धरून पाडायचं असतं, त्यामुळे कॉलर, जॅकेट, ओढणी धरली तर काय करायचं हे तिथे रोजचंच, शिवाय पडायचं कसं हे ज्युदोवाले जितकं मन लावून शिकवतात तितकं कोणीच शिकवत नाही. जिऊ-जित्सूत तुम्ही खाली आणि वजनदार माणूस वर, या परिस्थितीतून सुटायचं शास्त्र सगळ्यात बारीक आहे. मला विचाराल तर नवीन माणसाने घराजवळ जे आहे ते धरावं. इंदिरानगरला राहून नाशिकरोडचा भारी क्लास लावला तर दोन महिन्यांत ट्रॅफिकच जिंकतो.

प्रत्येक विद्येच्या खेळाच्या नियमांमुळे एकेक वाईट सवय पण लागते, ती माहीत असू द्या. कुस्तीत पाठ टेकली की हरलो, म्हणून पैलवान पडताना पोटावर वळतो. आखाड्यात बरोबर, पण रस्त्यावर पालथं पडून समोरच्याला पाठ देणं म्हणजे मानेवर, डोक्यावर मार खायला मोकळं होणं. जिऊ-जित्सूवाला उलट, आरामात पाठीवर बसून घेतो, त्याला तिथे घरच्यासारखं वाटतं, पण खाली खडी आणि बाजूला समोरच्याचे दोन मित्र असतील तर ते घर काही कामाचं नाही. ज्युदोवाल्याला धरायला कपडा लागतो, उन्हाळ्यात समोर पातळ टी-शर्ट असला की तो हातात फाटून येतो.

क्लास लावायच्या आधी एक दिवस नुसतं जाऊन बसा. एवढंच बघा की पोरं एकमेकांशी खरोखर जोर लावून लढतात का. नुसते डाव दाखवणं, समोरचा शहाण्यासारखा हात पुढे करून उभा, आणि सरांनी बोट लावलं की तो कोलमडतो, असं चाललेलं असेल तर चहा पिऊन परत या. दुसरं म्हणजे वस्ताद किंवा सर मध्ये पडतात का. मोठ्या पोराने नवीन पोराला उगाच रगडलं आणि ते नुसते हसत बसले तर ती जागा तुमची नाही.

मुलींनी फोनवरच सरळ विचारावं की मुलींची बॅच आहे का आणि शिकवायला कोण आहे. काही जुन्या तालमींत अजून मुलींना घेत नाहीत, त्यांच्याशी वाद घालण्यात सकाळ घालवू नका, ज्युदो क्लासमध्ये मुली हमखास असतात. साक्षी मलिकने २०१६ ला रिओमध्ये ब्रॉंझ आणल्यापासून मुलींच्या कुस्तीकडे बघायची नजर पण बरीच बदललीये. एक आग्रहाने सांगतो, मुलींनी फक्त मुलींशी सराव करून थांबू नये. ओळखीच्या, विश्वासाच्या, वजनाने जड मुलाशी पण सराव हवा, कारण अंगावर येणारा कोण असणारे ते आपल्याला माहितीये.

पहिले दिवस: पडायला शिका

हे कोणालाच आवडत नाही आणि हेच सगळ्यात उपयोगाचं आहे. रस्त्यावरच्या भांडणात माणूस जिवाला मुकतो तो बरेचदा ठोशाने नाही, ठोसा किंवा धक्का बसल्यावर डोकं सिमेंटवर आपटून. शिवाय भांडण आयुष्यात एकदा होईल न होईल, पण पावसाळ्यात घाटावरच्या शेवाळलेल्या पायऱ्यांवरून किंवा गाडीवरून तुम्ही नक्की घसरणार.

मॅटवर किंवा मातीत उकिडवे बसा. हनुवटी छातीला चिकटवा, नजर स्वतःच्या नाडीच्या गाठीकडे. पाठ झुलत्या खुर्चीच्या पायासारखी गोल करा आणि मागे गडगडा, खांदे टेकायच्या क्षणाला दोन्ही हात कोपरापासून तळव्यापर्यंत अंगापासून थोडे लांब जमिनीवर फटकन मारा. डोकं टेकता कामा नये. हात मागे टेकवून स्वतःला सावरायला जाऊ नका, मनगट नाहीतर कोपर तिथेच जातं, हाडांच्या डॉक्टरकडे येणारी निम्मी प्लॅस्टरं याच सवयीची असावीत असं मला कायम वाटतं. उकिडवं जमलं की अर्धवट उभं राहून, मग उभ्याने, मग कोणीतरी हलका धक्का देऊन. कुशीवर पडणं पण शिका, दोन्ही बाजूंनी. पहिले काही आठवडे रोज सरावाच्या सुरुवातीला हेच, कंटाळा आला तरी.

उभं राहणं आणि अंतर

पाय खांद्यांपेक्षा थोडे रुंद, एक पाय पुढे, गुडघे सैल, वजन पंजांवर. पाय एका रेषेत ठेवून ताठ उभा असलेला माणूस बोटाने ढकलला तरी हलतो. कुस्तीत खडाखडी चालते ना, पैलवान मनगटं धरून, मानेवर हात टाकून एकमेकांना चाचपत असतात, ती बघायला बोर वाटते पण तिथेच सगळी विद्या आहे. समोरच्याचं वजन कुठल्या पायावर गेलं हे हाताला कळायला लागतं. डोळ्यांनी बघून विचार करेपर्यंत उशीर होतो, हाताला मात्र आधीच कळतं, आणि ते कळायला रोज कोणाच्या तरी अंगाशी झटावंच लागतं.

कोणी अंगावर बोलत आला की दोन्ही हात छातीसमोर, तळवे उघडे, "दादा जाऊ दे ना, झालं ते झालं" असं मोठ्याने म्हणत एक पाऊल मागे. बघणाऱ्याला तुम्ही शांत करताय असं दिसतं, आणि हात आधीच तुमच्यासमोर तयार असतात. मिटणार असेल तर इथेच मिटतं, इगो घरी ठेवा.

धरलं तर

मनगट. नवीन माणूस मनगट धरल्यावर सरळ मागे खेचतो, म्हणजे समोरच्याच्या चार बोटांशी कुस्ती खेळतो. चार बोटं एका बाजूला आणि अंगठा एकटा दुसऱ्या बाजूला असतो, सुटायचं ते अंगठ्याच्या फटीतून. तुमच्या मनगटाची पातळ कड त्या फटीकडे फिरवा, एक पाऊल त्याच्याकडे टाका (हो, त्याच्याकडेच, मागे नाही), आणि तुमचं कोपर त्याच्या कोपराच्या दिशेने न्या. हात आपोआप निसटतो. फारच घट्ट असेल तर दुसऱ्या हाताने स्वतःचीच मूठ धरून दोन हातांची ताकद लावा. घरी बायकोशी, भावाशी, कोणाशीही करून बघा, पण समोरच्याला सांगा की खरंच धर, लाडात नको.

कॉलर. कॉलर धरली म्हणजे त्याचा एक हात अडकला, हे लक्षात ठेवा, कॉलरने कोणी मरत नाही, दुसऱ्या हाताचा ठोसा येतोय तो बघायचा असतो. हनुवटी खाली, एका हाताने त्याचं मनगट छातीशी दाबून धरा, दुसऱ्या हाताने त्याच्या कोपराच्या वर बाहेरच्या बाजूने पकडून तो हात तुमच्या छातीसमोरून आडवा ढकला आणि त्याच वेळी त्याच्या बाजूला पाऊल टाका. आता तुम्ही त्याच्या कुशीला आहात, त्याचा मोकळा हात लांब पडला. इथून धक्का देऊन निघायचं. पैलवान इथूनच पाठीमागे जाऊन कंबर धरतो, तुम्हाला तेवढी हौस करायची गरज नाही.

मागून मिठी. उचलून न्यायचा प्रयत्न बहुतेक असाच होतो. पहिलं काम खाली बसणं, म्हणजे ढुंगण मागे आणि खाली, पाय रुंद, गुडघे वाकलेले. तुम्ही जितके ताठ तितके उचलायला सोपे. उचलायला लागलाच तर एक पाय त्याच्या पायाला बाहेरून आत अडकवा, अडकलेल्या पायासकट उचलणं भल्याभल्यांना जमत नाही. मग त्याच्या दोन्ही हातांशी एकदम झटू नका, तुमच्या दोन हातांनी त्याचा एकच हात धरा, मनगट खाली दाबा, कंबर एका बाजूला सरकवा आणि त्याच्याकडे तोंड करून वळा. हात तुमच्या हातांवरून बांधलेले असले तर आधी कोपरं बाहेर फाकवून जागा करावी लागते, थोडं अवघड जातं, पण क्रम तोच.

काखेत मुंडी. लग्नकार्यातल्या भांडणाची ही राष्ट्रीय पकड आहे. चूक काय होते, तर माणूस डोकं मागे खेचतो आणि पकड गळ्यावर अजून घट्ट बसते. हनुवटी त्याच्या बरगड्यांकडे वळवा म्हणजे श्वास चालू राहतो, गळ्यावरच्या हाताचं मनगट दोन्ही हातांनी धरून खाली ओढा, पाय त्याच्या जवळ आणा आणि पाठ सरळ करायला बघा. श्वास मिळाला की घाई नाही. मग एक हात मागून त्याच्या लांबच्या खांद्यावर किंवा कपाळावर नेऊन त्याचं डोकं मागे ढकलायचं, डोकं जिकडे जातं तिकडे धड जातं.

खाली गेलात तर

तुम्ही खाली पडलात आणि तो उभा आहे: पाय त्याच्याकडे, डोकं लांब, तो फिरेल तसं तुम्ही पण पाठीवर फिरा. जवळ आला तर गुडघ्यावर, नडगीवर लाथ. आणि उठायचं कसं, तर उजवा हात मागे टेका, डावा पाय गुडघ्यात वाकवून तळवा जमिनीवर घट्ट, डावा हात तोंडासमोर. आता त्या उजव्या हातावर आणि डाव्या पायावर कंबर उचला, उजवा पाय अंगाखालून मागे ओढून घ्या, आणि मागच्या मागे उभे राहा. नजर पूर्ण वेळ त्याच्यावर. जमिनीकडे बघत दोन्ही हात टेकून उठणारा माणूस तोंडावर लाथ खातो. हा एकच प्रकार रोज दोन्ही बाजूंनी दहा-दहा वेळा करा, पायांचा व्यायाम पण होतो, घरातल्या सतरंजीवर होतो, फी नाही काही नाही.

तो छातीवर बसला: घाबरायला होतंच. आधी कोपरं बरगड्यांना चिकटवा, तोंड झाका. दोन्ही हात लांब करून त्याला वर ढकलायचा मोह होतो, तो टाळा, हात पण जातो आणि ताकद पण. तो ठोसा मारायला किंवा गळा धरायला हात खाली आणेल, त्याचा एक हात दोन्ही हातांनी धरून छातीशी आवळा. ज्या बाजूचा हात धरला त्याच बाजूचा त्याचा पाय तुमच्या पायाने बाहेरून अडकवा. आता त्या बाजूला त्याला टेकायला ना हात ना पाय. टाचा ढुंगणाजवळ घेऊन कंबर जोरात वर उडवा, सरळ आभाळाकडे, आणि मग त्या बाजूच्या खांद्यावरून गडगडा. आधी वर, मग बाजूला, नुसतं बाजूला ढकललं तर तो हलत नाही. तो उलटला की तुम्ही वर आलात, लगेच उठा आणि निघा, त्याच्या दोन पायांमध्ये बसून बदला घेत बसू नका.

तो तुमच्या पायांवर धावून आला, म्हणजे पट काढायला आला, तर दोन्ही पाय झटक्यात मागे फेका, कंबर त्याच्या खांद्यांवर पाडा, हाताने त्याचं डोकं खाली दाबा. पैलवानांच्या पोरांना हे झोपेत येतं. तुम्ही महिनाभर केलंत तर तुम्हाला पण बऱ्यापैकी येईल.

जोर लावून सराव, याला दुसरा रस्ता नाही

वर लिहिलंय ते वाचून तुम्हाला काहीही येणार नाहीये, यूट्यूब बघून पण नाही. डाव माहीत असणं आणि समोरचा सत्तर किलोचा माणूस जीव खाऊन विरोध करत असताना तो डाव लागणं यात फार अंतर आहे. पकडीच्या विद्येचा मोठा फायदा हाच की रोज पूर्ण ताकदीने लढता येतं आणि तरी दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाता येतं. ठोशांच्या खेळात रोज पूर्ण ताकद लावली तर डोकं हललंच.

पद्धत अशी ठेवा. नवीन गोष्ट आधी समोरचा शांत असताना, मग तो थोडा विरोध करेल, मग पूर्ण. आणि फक्त त्या एका परिस्थितीपासून सुरुवात, म्हणजे तो छातीवर बसलेला, तुम्ही खाली, टाळी वाजली की सुटा, सुटलात की पुन्हा तिथूनच. दुखलं, गळा आवळला, हात पिरगळला की लगेच समोरच्याच्या अंगावर दोनदा थाप मारायची, त्याने त्याच क्षणी सोडायचं. थाप मारायला लाजू नका. वस्तादांचं एक बोलणं तालमीत सारखं कानावर पडतं, "अरे बाळा श्वास घे आधी, डाव कुठं पळून जात नाही", आणि खरंच, नवशिक्या हरतो तो ताकदीने नाही, श्वास रोखून धरतो म्हणून, मिनिटभरात हातपाय दगड होतात.

आठवड्याला तीन दिवस पुरे. पहिल्या महिन्यात तुम्ही फक्त मार खाणार आहात आणि पोरं तुमच्यावर बसणार आहेत. तीनेक महिन्यांत कोणी अंगावर पडलं तरी डोकं चालू राहतं, हा बदल स्वतःला जाणवतो. सोबत जोर, बैठका, सपाट्या, आणि दोरी चढणं, पकडीला दोरीसारखं काही नाही. मानेचा पूल (डोक्यावर भार देऊन अंगाची कमान करणं) मात्र पहिल्या दिवसापासून करू नका, वस्ताद सांगतील तेव्हाच.

गळा आवळण्याबद्दल वेगळं सांगतो. मानेच्या दोन्ही बाजूंच्या मोठ्या रक्तवाहिन्या नीट दाबल्या गेल्या तर माणूस दहा सेकंदांच्या आसपास बेशुद्ध होतो, आणि तरीही धरून ठेवलं तर मेंदूला इजा होते किंवा जीव जातो. शिकवणारा समोर असतानाच हे करायचं. मित्रामित्रांत, होस्टेलवर, रीलसाठी बिलकुल नाही.

जिथे पकड कामाची नाही

चाकू, कोयता दिसला तर मोबाईल, पाकीट, गाडीची चावी काय मागतोय ते द्या आणि पळा. नि:शस्त्र माणसाने चाकू काढून घ्यायचे डाव फक्त क्लासमध्ये सुंदर दिसतात. पळायला जागाच नसेल, बंद खोली आहे, तरच शेवटचा उपाय म्हणून दोन्ही हातांनी त्याचा हत्यारवाला हात धरायचा आणि काही झालं तरी सोडायचा नाही. यात पण कापलं जाणारच हे गृहीत धरा. चेन ओढली तर चेनसाठी झटू नका, बाईकवाल्यासोबत फरपटत जाण्यापेक्षा सोनं गेलेलं बरं.

चार-पाच जण असतील तर कोणालाही घट्ट धरून बसू नका आणि काय वाट्टेल ते करून खाली जाऊ नका. धक्का द्या, फिरत राहा, ते सगळे एका बाजूला एकामागे एक येतील असं सरका, आणि उजेडाकडे, माणसांकडे पळा.

आणि धोबीपछाड, ढाक वगैरे मातीतले मोठे डाव डांबरी रस्त्यावर लावू नका. लाल मातीत ताक-तेल-हळद घालून ती मऊ केलेली असते, रस्ता तसा नसतो. तिथे माणूस खांद्यावरून डोक्यावर पडला की पुढचा हिशोब कोर्टात.

कायद्याचं थोडक्यात

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, त्यात कलम ३४ ते ४४ स्वसंरक्षणाच्या हक्काबद्दल आहेत. स्वतःचा आणि दुसऱ्याचाही बचाव करता येतो, पण कलम ३७ प्रमाणे गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही, आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ होता तर हा हक्क लागू होत नाही. तुम्ही सुटलात, तो पळाला, आणि तुम्ही त्याला गाठून धुतलं, तर तो बचाव राहिला नाही. पकडीची गंमत इथेच आहे, दाबून धरता येतं, तोंड न फोडता थांबवता येतं, आणि पोलिसांसमोर ते बरंच बरं दिसतं. पण दाबून धरायची वेळ आलीच तर पालथ्या माणसाच्या पाठीवर, मानेवर गुडघा देऊन बसू नका, श्वास कोंडून माणूस जातो. कुशीवर वळवा.

नंतर ११२ ला फोन, आणि तक्रार द्यायला उशीर नको, समोरचा आधी पोचला तर गोष्ट त्याची लिहिली जाते. हद्द कोणाची यावर वाद झाला तर झिरो एफआयआर मागा, ती कुठल्याही पोलीस स्टेशनला घेतात. लागलं असेल तर सिव्हिलला जाऊन मेडिकल करून घ्या, फाटलेला शर्ट धुवू नका.

आणि काही बारीकसारीक

नखं कापून जा, अंगठी, चेन, कडं घरी. मॅटवर रॅशगार्ड किंवा घट्ट टी-शर्ट, खिसे आणि झिप असलेली ट्रॅक पँट नको, बोटं अडकून मोडतात. सराव झाला की लगेच अंघोळ, टॉवेल स्वतःचा. गजकर्ण हा या खेळातला खरा शत्रू आहे, अंगावर गोल चट्टा दिसला की आठवडाभर घरी बसा आणि त्वचेच्या डॉक्टरला दाखवा, मेडिकलवाल्याने दिलेलं कुठलंही मिक्स मलम चोळू नका. कान चुरगळून सुजला तर तसाच ठेवू नका, डॉक्टरकडून वेळेत पाणी काढून घ्या, नाहीतर पैलवानी कान कायमचा. (काहींना तो हवाच असतो, ते वेगळं.)

बीपी, हर्निया, मणक्याचा किंवा गुडघ्याचा जुना त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा आणि वस्तादांना पण पहिल्याच दिवशी सांगा, ते तुमच्यासाठी जोडीदार बघून देतात. तालमी पहाटे पाच-साडेपाचला सुरू होतात, सातपूर-अंबडच्या शिफ्टवाल्यांना ते जमत नाही, त्यांनी संध्याकाळची बॅच विचारावी. पहिल्या दिवशी पोटात जड काही नको, मिसळ सराव झाल्यावर.